आखाजीला मशीन बंद

आत्याबाई, आज आखाजी, अक्षय्य तृतीया. सकाळी पितरांमध्ये तुमच्या नावाची घागर भरली, वर डांगराचं फळ ठेवलं, विस्तवावर घासाची आगारी टाकली, सगळ्यांची जेवणं झाली. तुमचा मुलगा आमरस पिऊन आत झोपला आहे आणि नातू मित्रांबरोबर डुमसला समुद्रावर गेला आहे. माझी सून माहेरी गेली आहे, शिरपूरकडे. आपल्या विटांच्या यार्डात काम करणाऱ्या बायाही आपापल्या गावी गेल्या. मशीनवर ताडपत्री टाकलेली आहे, तयार विटांच्या थप्प्या कुंपणाकडे लागल्या आहेत आणि ओली वीट एकही नाही. मला दुपारी झोप येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही होतात तेव्हा या वेळी आपण दोघी शेडमध्ये फाटकी गोणपाटं शिवत बसायचो आणि फारसं बोलायचो नाही. आज शिवायलाही काही नव्हतं, म्हणून लिहायला बसले. लिहिण्याची मला सवय नाही. तुम्ही येईल त्याला सांगायचात, "मनी वहू बारावी शे, सायन्सवाली," पण निबंधात मला कधीच बरे मार्क पडले नव्हते. तेव्हा जसं आठवेल तसं लिहिते.

मी तुमची सून होऊन आले तेव्हा आपण सुरतेत लिंबायतला राहत होतो. सगळी गल्ली कापडाच्या लूमवर जायची, तुमचा मुलगाही जायचा. तुम्ही मात्र चलथाणच्या रस्त्याला त्या मातीच्या विटांच्या यार्डात कामाला होतात. तिथला मालक धंदा सोडून परत गावी निघाला तेव्हा त्याचं हाताने दाबायचं मशीन तुम्ही ठेवून घेतलंत, आणि आपण बिऱ्हाड उचलून यार्डातल्या दोन खोल्यांत आलो. न भाजलेली, नुसती दाबून केलेली वीट घर बांधायला चालते, यावर माझा विश्वास नव्हता. गावाकडे मातीची घरं पाहिली होती, पण ती आमच्या आजोबांची. शहरात येऊन परत माती कालवायची, हे मला कमीपणाचं वाटायचं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसत असणार, कारण पहिल्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, "नाक नको मुरडू. तुन्हा सायन्समा माती नव्हती का?"

पहिला उन्हाळा आठवतो का? विटा झाकायला गोणपाटं नव्हती, म्हणून तुम्ही लिंबायतच्या ओळखीच्या कारखान्यातून रिजेक्ट साड्यांचे तागे आणलेत. सुरतेत त्याला काय तोटा! गुलाबी, पोपटी, जरीच्या काठांच्या, फुलाफुलांच्या साड्या आपण थप्प्यांवर पसरल्या. रस्त्यावरून जाणारे रिक्षावाले ओरडायचे, "मावशी, किती बाया बसवल्यात उन्हात? हळदीकुंकू आहे का?" तुम्हीही त्यांना सोडत नव्हतात. "तुन्हा बायकोले बी धाड, एक जागा रिकामी शे!" सकाळ-संध्याकाळ आपण त्या साड्यांवर पाणी मारायचो आणि थप्प्या कशा छान ओल्याचिंब दिसायच्या. पण सुरतेची साडी पॉलिस्टरची. पाणी तिच्यावरून घरंगळून खाली जातं आणि उरलेलं तासाभरात उडून जातं. महिन्यानंतर त्या विटा हातात घेतल्या तर कडक, वाजवल्या तर खणखण. रात्रभर टाकीत बुडवून ठेवल्या आणि सकाळी बघितलं तर कोपरे गळून तळाशी चिखल बसला होता. तुम्ही हात घालून तो चिखल वर काढलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "साडी नेसीसन कोनी पक्की व्हत नही." मला हसू आलं. तुमच्यासमोर मी हसले ती बहुतेक पहिलीच वेळ. त्यानंतर तुम्ही बाजारातून जुनी बारदानं आणलीत आणि उसाच्या शेतातून पाचट मागून आणलंत.

विटेचं वाळणं वेगळं आणि मुरणं वेगळं, हे मी तुमच्याकडून शिकले. वाळलेली वीटही कडक होते, पण ती कडक असते फक्त पाणी लागेपर्यंत. मातीतला चुना आणि थोडं सिमेंट यांना काम करायला ओल लागते. विटेतली ओल उडाली की त्यांचं काम अर्धवट थांबतं, आणि नंतर कितीही पाणी ओता, गेलेलं बरंचसं परत येत नाही. म्हणून मशीनमधून काढली की सावलीत ठेवायची, वारा लागू द्यायचा नाही, प्लास्टिकखाली तिची तिला ओल राहू द्यायची, मग पुढे महिनाभर गोणपाट सुकू द्यायचं नाही. मी पहिल्याच दिवशी नळी लावून ताज्या विटांवर धार सोडली तेव्हा तुम्ही मशीन टाकून धावत आलात. "आंग धोवाडू नको वं! नुसतं तोंड पुस!" मग माझ्या हातातली नळी घेऊन तिच्या तोंडावर अंगठा दाबलात आणि वर हवेत फवारा उडवलात, तो धुक्यासारखा खाली बसला. बायांसमोर ओरडल्याचा मला राग आला होता. पण आज नवी बाई कामाला आली की मीही पहिल्यांदा तेच शिकवते, आणि ओरडूनच शिकवते.

आता त्या आखाजीबद्दल लिहायचं आहे. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती. दिवाळीला जमलं नाही तर नाही, पण आखाजीला लेक माहेरी गेलीच पाहिजे, हे तुम्हाला मी काय सांगायचं. माझा भाऊ मुराळी म्हणून न्यायला आला. मायने त्याच्याबरोबर निरोप धाडला होता की झोका बांधला आहे, ये. मी पिशवी भरून ठेवली होती. पण दोन दिवस आधीपर्यंत आपण विटा पाडत होतो, शेड भरलेली होती, आणि यार्डातल्या बाया तर केव्हाच आपापल्या माहेरी निघून गेल्या होत्या. उरलो तुम्ही आणि मी. तुम्ही भावाला बसवलंत, पोटभर पुरणपोळी खाऊ घातलीत, आग्रह करकरून रस वाढलात, आणि तो हात धुवून उठला तेव्हा म्हणालात, "ओल्या ईटा टाकीसन ती कशी येई, भाऊ? पुढला साले लई जाजो."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. तो एकटा बसला बसमध्ये. मी पिशवी रिकामी केली, पदर खोचला आणि पाणी मारायला गेले. ते सगळे दिवस वैशाखाचं ऊन असं होतं की गोणपाट भिजवून मागे वळावं तर पहिलं टोक सुकलेलं. मी सकाळी मारायची, तुम्ही दुपारी, परत मी संध्याकाळी. मी तोंडातून शब्द काढत नव्हते. एकदा तुम्ही विचारलंत, "जेवनी का?" मी मान हलवली आणि पुढच्या थप्पीकडे गेले. एवढंच आपलं बोलणं.

पुढला साल आलाच नाही. दिवाळीच्या आधी माय गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, आणि दोन दिवसांत संपलं. तुम्ही माझ्याबरोबर गावी आलात, माझ्या वहिनीबरोबर चूल सांभाळलीत, दहाव्यापर्यंत राहिलात. माझ्या पाठीवर हात ठेवला नाहीत आणि मीही तुमच्या जवळ आले नाही. मी मनात एकच धरून बसले होते, की सासूने मला जाऊ दिलं असतं तर मायचा झोका, मायचा हात, काहीतरी शेवटचं माझ्याजवळ असतं. ते तुम्हाला मी कधी बोलून दाखवलं नाही. वीस वर्षांहून जास्त झाली, तुम्ही जाऊनही खूप वर्षं झाली, तरी नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी चैत्र लागला तेव्हा एका सकाळी तुम्ही मशीन पुसलंत, तेल दिलंत आणि ताडपत्री बांधलीत. हातात काम असताना. तुमच्या मुलाने विचारलं तर म्हणालात, "वैशाखना ऊनमा ईट चांगली व्हत नही. आते पानी पडाना आधी पाडूत." त्याला यातलं काही कळत नव्हतं, त्याने मान डोलावली. मलाही पटलं. ऊन, वारा, सुकलेली गोणपाटं मी स्वतः बघितली होती. मग आखाजी आली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालात, "काम नही शे आते. भाऊकडे जाई ये." मी गेले. भावाच्या घरी मायची पहिली घागर भरली होती. पाटावर ती घागर आणि समोर मी, असा तो दिवस गेला. मी मनात म्हटलं, आता पाठवून काय उपयोग. आणि यार्ड बंद आहे म्हणून आपल्याला सुट्टी मिळाली, एवढंच मी समजले.

तेव्हापासून आपल्या यार्डाचा तो नियमच झाला. आखाजीच्या महिनाभर आधी मशीन झाकायचं, म्हणजे तोवर त्याआधीच्या विटांचा महिना पुरा झालेला असायचा, आणि सगळ्या बाया मोकळ्या. गिऱ्हाईक कुरकुरायचं तर तुम्ही तेच सांगायचात. तुम्ही गेल्यावर मीही तेच सांगत आले. बारावी सायन्स असल्यामुळे मी ते जास्त चांगलं सांगायची. उष्णतेने पाणी उडतं, चुन्याचं काम अर्धवट राहतं, ताकद कमी होते. एका आर्किटेक्ट बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत लिहून घेतलं.

तुमचा नातू सिव्हिलचा डिप्लोमा करून आला आहे. गेल्या उन्हाळ्यात यार्ड बंद असताना त्याला स्वस्थ बसवेना. त्याने एकट्याने थोड्या विटा पाडल्या आणि तीन ठिकाणी ठेवल्या. काही नुसत्या उन्हात, काही साड्यांखाली, आणि काही प्लास्टिक, वर ओलं गोणपाट, वर पाचट अशा, वारासुद्धा आत जाणार नाही इतक्या नीट बांधून. त्याला तुमच्या साड्यांची गोष्ट मीच सांगितली होती. रोज तो स्वतः पाणी मारायचा, मी हात लावलेला त्याला चालत नव्हता. पाऊस सुरू झाल्यावर त्याने त्या विटा पाण्यात भिजवून मित्राच्या लॅबमध्ये नेऊन मशीनखाली फोडल्या. हिवाळ्यात केलेल्याही काही नेल्या होत्या. उन्हातल्या तर न्यायच्या आधीच टाकीत विरघळायला लागल्या. साड्यांखालच्या जेमतेम. पण बांधून ठेवलेल्या, वैशाखाच्या विटा, त्या हिवाळ्यातल्यांपेक्षाही जास्त टिकल्या. तो ओरडतच घरी आला.

"मम्मी, आजीचं लॉजिक खोटं! ऊन वाईट नाहीच. चुन्याला गरमी उलट पाहिजे. सुकणं वाईट. ओल राखली तर वैशाख म्हणजे बेस्ट सीझन. आपण इतकी वर्षं उगाच मशीन बंद ठेवलं!"

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "असेल." पण माझा हात थांबला होता, कारण मला एक गोष्ट आठवली जी त्याला माहीत नव्हती. ज्या आखाजीला तुम्ही मला पाठवलं नाहीत, त्या वेळच्या विटाही वैशाखाच्याच होत्या. आणि त्या बिघडल्या नव्हत्या. तुम्ही त्या टाकीत टाकून बघितल्या होत्या, मी तिथेच उभी होते. एकाही विटेचा कोपरा गळला नव्हता. तुम्ही एक वीट बाहेर काढून पदराने पुसली होतीत आणि म्हणाला होतात, "हाई देख. दगड व्हयनी." गिऱ्हाइकाने नंतर दोनदा येऊन तशाच मागितल्या. म्हणजे वैशाखात वीट चांगली होते हे तुम्हाला माहीत होतं. माझ्याच हाताने पाणी मारलेल्या विटांवरून माहीत होतं. तरी पुढच्या वर्षी तुम्ही मशीन झाकलंत आणि चांगली होत नाही म्हणालात.

मी त्यानंतर बरेच दिवस दुसरं कारण शोधत राहिले. बोअरचं पाणी आटलं होतं का? नाही, आपला बोअर कधी आटला नाही. बाया गावी जातात म्हणून? त्या तर आधीही जायच्या, आणि तुम्ही दोघींवर काम रेटून न्यायचात. तुम्हाला थकवा आला होता का? तुम्ही त्यानंतर किती वर्षं मशीनचा दांडा ओढलात, मी बघितलं आहे. मला खात्री नाही, आत्याबाई. तुम्हाला विचारता येत नाही. पण मायच्या पहिल्या घागरीच्या वर्षी तुम्ही मशीन झाकलंत, आणि दुसरं काही कारण मला सापडत नाही.

हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं, पण थोडंच. जास्त राग आला. एवढं सगळं केलंत, दरवर्षी गिऱ्हाइकाची बोलणी खाल्लीत, आणि एक वाक्य बोलायला काय झालं होतं? 'चुकलं माझं' असंही नको होतं. नुसतं 'तू जा म्हणून बंद ठेवते' एवढं म्हणाला असतात, तर मी दरवर्षी बसमध्ये तोंड पाडून बसले नसते. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी तुमचं सगळं केलं, सगळे माझं नाव घेतात. पण मी कसं केलं हे तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. वेळेवर औषध, वेळेवर जेवण, आणि बोलणं नाही. तुम्ही माझ्याकडे बघत पडून असायचात. तेव्हा तरी बोलायचं होतं.

या वर्षी पेच आला. दिवाळीनंतर घरात सून आली. तिची ही पहिली आखाजी. आणि कोसाडकडे एका बालवाडीच्या खोल्या बांधायच्या आहेत, त्यांना पावसाच्या आधी भिंती उभ्या करायच्या, त्यामुळे विटा वैशाखातच पाडायला हव्या होत्या. एवढं मोठं काम आपल्याकडे बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. पोरगा म्हणाला, "आता तर प्रूफ आहे ना, मम्मी. मशीन चालू करू. बाया गेल्या तर जाऊ देत. तू आहेस, ही आहे. दोघी बस झाल्या पाणी मारायला." सून ताटं मांडत होती. तिने पिशवी भरायला काढलेली मी सकाळीच बघितली होती, आणि संध्याकाळी ती पिशवी परत वर ठेवलेली दिसली.

मला वाटलं होतं की तिला पाठवावं आणि मी एकटीने सांभाळावं. पण माझे गुडघे आता तसे राहिले नाहीत, आणि म्हातारी सासू उन्हात गोणपाटं उचलते आहे हे डोक्यात घेऊन माहेरी गेलेली पोर झोक्यावर तरी नीट बसेल का? शिवाय इतक्या वर्षांत सवय लागलेल्या बायांनाही थांबा म्हणावं लागलं असतं. बालवाडीच्या माणसाला फोन केला. म्हटलं, आखाजीनंतर पाडून देते, भिंती पावसानंतर घ्या. तो म्हणाला, विचार करून सांगतो. त्याने अजून सांगितलेलं नाही. काम जाईलही.

दोन दिवस मी माती चाळताना मनात वाक्य तयार केलं. पोराला आणि सुनेला समोर बसवून सरळ सांगायचं, की विटा चांगल्या होतात हे मला माहीत आहे, पण ही माहेरी जाणार आहे, म्हणून मशीन बंद. यात अवघड काही नव्हतं. जेवायला बसलो, मी सुरुवात केली, "आखाजी होईपर्यंत मशीन उघडायचं नाही." पोराने मान वर केली. "का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "वैशाखाच्या उन्हात वीट चांगली होत नाही."

"मम्मी!" त्याने घास खाली ठेवला. "अरे, आपणच तर बघितलं! तुझ्यासमोर सांगितलं मी!"

"बघितलं. तरी नाही होत."

"हे काय लॉजिक आहे?"

तुमचा मुलगा जेवता जेवता म्हणाला, "हिची सासू पण हेच म्हणायची. तू जेव." पोरगा रागाने पाणी पिऊन उठला. सून ताटाकडे बघत होती. मला माझीच लाज वाटली. दोन दिवस तयारी करून हे बोलले!

भांडी घासताना ती माझ्या शेजारी येऊन बसली. ही पोर बडबडी नाही, पण घाबरटही नाही. राख लावता लावता हळूच म्हणाली, "मम्मी, उन्हात वीट चांगली होते ना?"

मी म्हटलं, "होते."

"मग?"

मी हातातलं पातेलं विसळलं, उपडं ठेवलं. "मग काही नाही. तू जा म्हणून बंद ठेवलं आहे."

तिने घासणं थांबवलं. नंतर म्हणाली, "त्यांना का नाही सांगितलं असं?"

"तुला सांगितलं ना."

"किती दिवस जाऊ?"

"तुझी माय कंटाळेपर्यंत राहा."

ती हसली, मोठ्याने हसली, आणि लगेच आतून पोराचा आवाज आला, "काय झालं?" तिने ओरडून सांगितलं, "काही नाही, आमचं चाललंय!" दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ न्यायला आला. मी त्याला पुरणपोळी खाऊ घातली आणि घरी सगळ्यांना द्यायला सांजोऱ्या बांधून दिल्या.

तुम्हाला ते का बोलता आलं नाही, हे त्या रात्री जेवताना मला थोडं कळलं. पहिलं तोंडात येतं ते विटांचं कारण. त्याने कुणाला काही द्यावं लागत नाही आणि कुणी काही परत मागत नाही. मलासुद्धा तिने विचारलं म्हणून सांगता आलं. मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्ही मशीन झाकायचात आणि मी मुकाट पिशवी भरायची. हे सगळं लिहून झाल्यावर राग किती उरला ते मी तपासून बघितलं. त्या एका आखाजीचा उरला आहे. तो राहू द्या. बाकीच्या आखाजींचा गेला.

हा कागद मी कुठे ठेवणार नाही, पोराच्या हाती लागला तर तो लॉजिक विचारत बसेल. चूल पेटवताना जाईल. एक मात्र तुम्हाला विचारायचं राहिलं. मी भावाकडे असायचे ते दिवस तुम्ही या बंद यार्डात एकट्या काय करायचात? कारण सुनेला जाऊन तीनच दिवस झालेत आणि मला करमत नाही. सारखं रस्त्याकडे बघणं होतं, रिक्षा थांबली की उठून उभी राहते. सकाळी तिचा फोन आला होता. "मम्मी, अजून दोन-चार दिवस राहू का?" मी म्हटलं, राहा की, इथे काही काम नाही. ती लवकर यावी असं वाटतं. हे मी तिला सांगणार नाही.